दस्त्यावरचे दोन गाल

गालकाकांच्या दुकानाच्या पाटीवर 'लाकूडकाम व दुरुस्ती' एवढेच लिहिलेले होते. मालकाचे नाव लिहायला जागा उरली नव्हती, आणि नंतर त्याची गरजही कुणाला वाटली नाही. गावात त्यांना सगळे गालकाका म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचे काही वाटत नसे.

हे नाव त्यांच्या एका सवयीवरून पडले होते. कुणी छर्र्यांची जुनी बंदूक विकायला काढली की आधी ती त्यांच्याकडे येई. दुसरा कुणी असता तर त्याने लोखंडावरचा क्रमांक पाहिला असता, कारखान्याचा शिक्का शोधला असता. काका मात्र डोळे मिटून बंदूक खांद्याला लावत आणि तिच्या लाकडी दस्त्यावर गाल टेकवत. दहा अंक मोजावेत इतका वेळ तसेच थांबत. मग बंदुकीबद्दल अवाक्षर न काढता तिच्या मालकाबद्दल बोलू लागत.

"चष्मेवाला होता. एक दिवसाआड दाढी करायचा. मान आखूड. उजव्या हातात अंगठी, आणि ती त्याला सैल व्हायची."

बंदूक घेऊन आलेला माणूस चकित होई. त्यात जादू अशी काही नव्हती. चष्म्याची काडी लाकडावर बारीक रेघ ओढते, दाढीचे खुंट झिलई खातात, सैल अंगठी एकाच जागी न घासता पसरून घासते. वर्षानुवर्षे एकच गाल एकाच जागी टेकला की लाकडात उथळशी खळगी पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, गालाला कळते.

काकांची बायको चहाचा कप रंध्याशेजारी ठेवता ठेवता म्हणे, "चाळीस वर्षांत माझी इतकी विचारपूस केली नाही कधी. लाकडाला गाल लावला की ह्यांना सात पिढ्या दिसतात. मला ताप असला तर मात्र तिसऱ्या दिवशी विचारतात, बरं नाही का तुला?"

"लाकूड खोटं बोलत नाही," काका म्हणत. "तू पहिल्या दिवशी 'काही नाही' म्हणतेस."

तरुणपणी ते खुर्च्यांचे हात बसवायचे काम करीत. एकदा एका हौशी गृहस्थाच्या बंदुकीचा दस्ता तडकला. त्यांनी तो असा जुळवून दिला की सांधा त्यांचा त्यांनाच सापडेना. मग दुसरी बंदूक आली, तिसरी आली, आणि हळूहळू खुर्च्या मागे पडल्या. स्वतः काकांचा नेम मात्र असा होता की दहा पावलांवरची भिंतसुद्धा त्यांनी चुकवली असती. पाखरावर तर त्यांनी कधी नळी रोखली नाही. बंदुका जमवणारी मंडळी दुरून येत, आणि काकांच्या हातची चिठ्ठी सोबत असली तर घासाघीस करीत नसत. पाव कागदावर चार ओळी. लाकूड सांगेल त्यापलीकडे त्या चिठ्ठीत शब्द नसे, आणि बंदूक ज्या जागी ठेवली जाते ती जागा पाहिल्याशिवाय काका चिठ्ठी लिहीत नसत.

त्यांना राग येई तो एकाच गोष्टीचा. बंदूक आणायच्या आदल्या दिवशी लोक ती पॉलिशपेपरने घासत, वर व्हार्निश फासत आणि नवरीसारखी नटवून पुढे ठेवत. अशा वेळी काका खेदाने मान हलवून म्हणत, "तुम्ही घासून काढलीत ती घाण नव्हती हो. किंमत होती."

त्या सोमवारी सकाळी आलेली बंदूक मात्र कुणी नटवलेली नव्हती. भाऊबहीण ती जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन आले होते. भाऊ चाळिशीचा, दुसऱ्या शहरात फरश्या विकणारा. आल्यापासून त्याची नजर घड्याळावर होती. बहीण पस्तिशीची. एका शाळेच्या कचेरीत सकाळच्या पाळीला काम करी, आज रजा टाकून आली होती, आणि आईबरोबर जुन्याच घरात राहत होती. घरात तिला धाकटी म्हणत आणि त्याला थोरला. दुकानात दोघे एकमेकांशी बोलू लागले तेव्हा काकांच्याही मनात तीच नावे बसली.

"काका, एका वाक्यात सांगा," थोरला म्हणाला. "किती येतील?"

"एका वाक्यात फक्त लग्नाला होकार देता येतो. बसा."

थोरल्याने बसता बसता सगळी हकिकत सांगितली. बंदूक वडिलांची. वडील विजेचे मीटर तपासायच्या नोकरीत होते. सव्वीस वर्षांपूर्वी एका दुपारी घरातून गेले ते गेलेच. ना पत्र, ना निरोप. बंदूक तेव्हापासून कपाटात कुलूपबंद होती. आता एक दातांचे डॉक्टर ती घ्यायला तयार होते. त्यांच्याकडे अशा तीसेक बंदुका होत्या. शनिवारी ते येणार होते, पण काकांची चिठ्ठी हवी म्हणाले होते.

"तेवढं लिहा काका, की मालक एकच आणि सव्वीस वर्षं हात लागलेला नाही. हात न लागलेल्या मालाला ते दुप्पट देतात."

काकांनी बंदूक उचलली. जुनी, वजनदार, नळी मधोमध मोडून, म्हणजे खाली वाकवून, आतली स्प्रिंग चढवायची. नळीवर अजून निळी झाक होती. त्यांनी डोळे मिटले. उजवा गाल लावला, काही लागले नाही. मग डावा लावला.

"डावखुरा माणूस," ते म्हणाले. "उंच. रोज दाढी करणारा. घाई नसलेला."

"बाबा," धाकटी हळूच म्हणाली.

काकांनी गाल उचलला नाही. दहा अंक होऊन गेले, वीस झाले. त्यांनी मान थोडी आखडली आणि गाल बोटभर खाली सरकवला.

"आणि हा इथे दुसरा. बारका चेहरा. हाही डावखुरा." त्यांनी नळी मोडली, मागच्या बारीक भोकावर करंगळी टेकवली आणि हुंगली. "हात लागलेला नाही म्हणता? दोन वर्षं तेल मिळालं नाही तर आतल्या दट्ट्याचं चामडं वाळक्या पानासारखं होतं. हे लोण्यासारखं मऊ आहे. आणि लाकूड इथे अजून ओशट आहे. अहो, गेल्या आठवड्यातसुद्धा कुणीतरी गाल टेकलाय हिच्यावर."

समोर कोण बसले आहे याचा विचार करायच्या आधीच हे सगळे ते बोलून गेले होते. चाळीस वर्षांची सवय. डोळे उघडले तेव्हा धाकटीचा चेहरा त्यांनी पाहिला आणि तोंडातून गेलेले शब्द परत घेता आले असते तर बरे, असे त्यांना वाटले.

"दादा, मी सांगत होते ना," ती म्हणाली.

"झालं," थोरला म्हणाला. "काका, तुम्ही आगीत तेल ओतलंत. हिला वाटतं, बाबा घरी येऊन बंदुकीला तेल घालून जातात. बंदुकीला भेटायला येतात, आम्हाला नाही."

धाकटीने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. कपाटाला दोनच किल्ल्या होत्या, तिने काकांना सांगितले. एक वडिलांच्या खिशात गेली. दुसरी तिच्या गळ्यात. तिने दोऱ्यातली किल्ली बाहेर काढून दाखवली. आंघोळीलाही ती काढत नसे. तरी महिन्यातून एकदा कपाट उघडून पाहावे तर बंदुकीचे तोंड कधी डावीकडे असे, कधी उजवीकडे. संध्याकाळी चारच्या सुमाराला घरभर तेलाचा वास येई. मागच्या वर्षी तिने कपाटाच्या दोन्ही कड्यांना शिवायचा दोरा बांधला. दोरा तुटला नाही. गाठ तशीच राहिली, तिने मारली होती तशी. आणि बंदुकीचे तोंड फिरलेले होते.

"आई काय म्हणते?" काकांनी विचारले.

"आई म्हणते, तुझा भ्रम. आणि विषय बदलते." तिने किल्ली परत आत टाकली. "काका, किंमत दादाला सांगा. मला एवढंच सांगा, बाबा येतात का?"

कुणाच्या बंदुकीची किंमत काकांना सांगता आली नाही असे आजवर झाले नव्हते. हे मात्र त्यांना कुणी कधी विचारले नव्हते.

"शुक्रवारपर्यंत ठेवून जा," ते म्हणाले. "शुक्रवारी कपाट पाहायला येतो."

"चारला या. दोन ते साडेतीन मी झोपलेली असते."

बंदूक चार दिवस काकांच्या टेबलावर राहिली. पहिल्या दिवशी त्यांनी भिंग घेऊन ती इंचाइंचाने पाहिली, आणि जे दिसले ते त्यांना आवडले नाही. नळी मोडताना हात जिथे धरतात तिथली निळी झाक पार उडाली होती. स्प्रिंग हजारो वेळा चढवल्याशिवाय इतकी झीज होत नाही. उलट चाप काळाभोर होता. बोटाने ओढून ओढून चाप उजळतो, हा उजळलेला नव्हता. म्हणजे कुणीतरी हजारो वेळा स्प्रिंग चढवली होती, गाल टेकवला होता, नेम धरला होता, आणि चाप ओढला नव्हता. नुसता नेम धरून बसलेल्या माणसाचे लाकूड काकांच्या गालाखालून कधी गेले नव्हते. हा माणूस कशाची वाट पाहत होता?

बुधवारी दुपारी ते दस्त्याच्या खालच्या खळगीवर पुन्हा गाल ठेवून बसले. लाकूड कोमट लागले. खिडकीतून ऊन येत होते, तेच असणार, म्हणून त्यांनी बंदूक आतल्या खोलीत नेली, जमिनीवर ओला टॉवेल पसरून त्यावर तासभर ठेवली आणि मग पाहिले. वरची खळगी गार होती. खालची कोमट होती.

दारातून बायको पाहत होती.

"कोण आहे?" तिने विचारले, जणू आत पाहुणे बसले आहेत.

"कळत नाही."

"तुम्हाला कळत नाही?" यावर ती एखादी कोटी करील असे काकांना वाटले होते, पण तिने केली नाही. "ती त्या पोरीला परत देऊन या. आणि माझ्या टॉवेलावर पुन्हा ठेवू नका."

शुक्रवारी काका चारला पोचायचे म्हणून निघाले ते तीनलाच पोचले. कुठेही तासभर आधी पोचायचे हा त्यांचा जन्माचा स्वभाव. गल्ली उन्हात पांढरी पडली होती. समोरच्या शिंप्याचे मशीन चालू होते, बाकी सगळीकडे सामसूम. बंदूक चादरीत गुंडाळून काखेत होती. त्यांनी कडी वाजवण्याआधीच दार उघडले.

सत्तरीची, काटक बाई ओठांवर बोट ठेवून उभी होती. तिने त्यांना आत घेतले, दाराला आतून अडणा घातला आणि दाराशेजारच्या स्टुलाकडे बोट दाखवले. काका बसले. बंदूक मांडीवर आडवी.

"आणलीत, बरं केलंत," आई कुजबुजली. "भाऊ, ही विकू देऊ नका. पाया पडते तुमच्या."

"मी कोण विकू न देणारा? मी फक्त चिठ्ठी लिहितो."

"मग वाईट लिहा. फुटकी आहे लिहा. सोमवारी तुम्ही बंदूक ठेवून घेतलीत, त्या दुपारी काय झालं माहीत आहे? रोजच्यासारखी उठली. कपाट उघडलं. रिकाम्या फळीवर हात फिरवत राहिली. मग ह्या दाराशी आली आणि अडणा काढायला लागली. मी आडवी उभी राहिले. तर मला म्हणाली, 'बाजूला व्हा.' व्हा म्हणाली हो मला. आईला. चारही दिवस हेच चाललंय."

"कोण उठली?" काकांनी विचारले, पण विचारता विचारताच त्यांना उत्तर समजले होते.

आतल्या खोलीतून अनवाणी पावले आली.

धाकटी दारात उभी होती. केस एका बाजूला चेपलेले, गालावर उशीची घडी उठलेली. डोळे उघडे होते. स्वच्छ, कोरडे, आणि कशालाच न लागलेले. ती कपाटाशी गेली. कड्यांवरच्या दोऱ्याची गाठ तिने डाव्या हाताने सोडली, दोरा ओठांत धरला, किल्ली फिरवली. फळीवर हात फिरवला. मग वळली आणि सरळ काकांकडे आली. तिने वाकून त्यांच्या मांडीवरची बंदूक उचलली, चादर बाजूला सारली. एखाद्या फळीवरून वस्तू उचलावी तशी. ती फळी माणूस आहे हे तिच्या गावीही नव्हते.

समोरच्या भिंतीला पाठ लावून ती जमिनीवर बसली. नळी मोडली. स्प्रिंग चढल्याचा कट्ट आवाज झाला. गुडघा उभा करून तिने त्यावर बंदूक टेकवली आणि डावा गाल दस्त्यावर ठेवला. शेकडो गालांच्या खुणा काकांनी वाचल्या होत्या. स्वतः गाल येऊन आपल्या जागी बसताना ते पहिल्यांदाच पाहत होते. केसभरही इकडेतिकडे नाही.

"श्वास घे," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण बोलण्याची ढब एका सावकाश, घाई नसलेल्या माणसाची होती. "अर्धा सोड. आता थांब."

नळी दारावर रोखलेली होती, आणि दाराला लागूनच काका बसले होते. बंदुकीत छर्रा नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनीच चार दिवस ती जवळ ठेवली होती. तरी ते काळे भोक त्यांच्याकडे पाहत होते, आणि त्यामागचे डोळेही. शिंप्याचे मशीन थांबले. त्या शांततेत धाकटी म्हणाली, "आलात?"

आईने काकांकडे पाहिले. हो म्हणा, असे त्या म्हाताऱ्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेले होते. एक अक्षर फक्त. कुणाचे काय बिघडणार होते? काकांची जीभ टाळूला चिकटली. भीतीने चिकटली की आणखी कशाने, हे त्यांना नंतरही नीट सांगता आले नाही.

ती वाट पाहत होती. पाव तास तिने पापणी लवू दिली नाही. मग हळूहळू तिची बोटे सैल झाली. आई सरावाने पुढे झाली, बंदूक तिच्या हातून काढून घेतली, नळी मोडून दाबून धरली, बोटाला पदर गुंडाळून चाप ओढला आणि स्प्रिंग अलगद उतरवली. पदराखालून छोटी बाटली काढून भोकात दोन थेंब सोडले आणि बंदूक परत तिच्या हातात दिली. धाकटीने ती कपाटात ठेवली, कुलूप लावले, ओठांतला दोरा काढून कड्यांना बांधला. गाठ डावीकडून उजवीकडे. अगदी तिची. मग ती आत जाऊन पडली.

"नऊ वर्षांची होती तेव्हापासून," आई म्हणाली. "ते गेले तेव्हा ही दुपारची झोपलेली होती. पंधरा दिवसांनी हे सुरू झालं. झोपेत चालणाऱ्याला उठवू नये म्हणतात, दचकून जीव जातो. मग मी तेल घालत राहिले. बंदूक हातात असते तोवर ती घरात असते. ती बिघडली, गेली, तर ही कुठे जाईल?"

साडेतीनला धाकटी तोंड धुऊन बाहेर आली. काकांना पाहून लाजली, लवकर आलात म्हणाली, आणि चहा टाकला. तिघे कप घेऊन बसले. घरभर तेलाचा वास होता.

"हा पाहा, आला वास," ती म्हणाली. आणि मग, "काका, काय कळलं?"

आईने कप खाली ठेवला.

"मी तुझ्या बाबांना ओळखत नाही," काका म्हणाले. "ते कुठे आहेत ते मला लाकूड सांगत नाही. पण ह्या बंदुकीवर दोनच गाल आहेत. वरचा त्यांचा. खालचा तुझा आहे, बाळ. रोज दुपारी झोपेत उठतेस. आज मी पाहिलं. तेल आई घालते."

ती रडली नाही, घाबरली नाही, खोटे आहे असेही म्हणाली नाही. तिने आपला डावा तळवा वर केला, नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. काकांना वाटले होते, भुताखेताचे भय गेल्याने तिला हलके वाटेल. तिचा चेहरा मात्र आत काहीतरी मिटल्यासारखा होत गेला.

"म्हणजे ते कधीच आले नाहीत," ती म्हणाली.

आईने पदराखालची बाटली काढून कपाशेजारी ठेवली.

"एकदासुद्धा नाही." तिने आईकडे पाहिले. "मला वाटायचं, निदान दुपारी येतात. मी झोपलेली असते म्हणून भेटत नाहीत."

"धाकटे—"

"उद्या विकू या, आई. ती वस्तू हातात असते तेव्हा मी मी नसते. असली वस्तू घरात कशाला?"

"आणि दुपारी?"

"उद्या दुपारी मला अडवू नकोस. अडणाही घालू नकोस. मी कुठे जाते ते मला पाहायचंय. काका, तुम्ही याल? आईच्या सोबतीला."

शनिवारी अकराला डॉक्टर आले. गोरेगोमटे, बोलताना समोरच्याच्या दातांकडे पाहणारे. काकांनी चिठ्ठी पुढे ठेवली. 'मालक एक, डावखुरे. त्यानंतर त्यांच्या मुलीने सव्वीस वर्षे जपली. या काळात झाडलेली नाही. झीज खरी, डागडुजी नाही.' थोरल्याने ती खांद्यावरून वाचली आणि त्याचे तोंड एवढेसे झाले.

"हात लागलेला नाही, एवढंच लिहायचं होतं काका. तीन शब्द."

"तेच तीन लिहिता येत नव्हते."

डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "जपली म्हणजे?"

"म्हणजे घेऊन बसायची," धाकटी म्हणाली. तिने गळ्यातली किल्ली काढून कपाट उघडले, बंदूक स्वतःच्या हाताने त्यांच्या हातात दिली, आणि मग तो हात कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखी उभी राहिली. डॉक्टरांनी सांगितलेली किंमत थोरल्याला कमी वाटली. काकांना ठीक वाटली. थोरला बंदूक पोचवायला डॉक्टरांच्याच गाडीतून गेला.

दोनला ती झोपली. काका त्याच स्टुलावर बसले, आई उंबऱ्याशी. तीनला पावले आली.

तिने कपाट उघडले, रिकाम्या फळीवर हात फिरवला, दाराशी आली. आई उठून उभी राहिली होती, आणि क्षणभर काकांना वाटले की ही बाई बाजूला होणार नाही. मग ती झाली. धाकटीने दार उघडले आणि उन्हात उतरली.

दोघे तिच्या मागून निघाले, दहा पावलांचे अंतर ठेवून. समोरचा शिंपी सुईत दोरा ओवता ओवता पाहत राहिला. ती भराभर चालत नव्हती, रेंगाळतही नव्हती. वाट पायांखालची असल्यासारखी गेली. दवाखान्यावरून उजवीकडे, पिठाच्या गिरणीवरून पुढे, मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे बसचा थांबा होता. बाकावर कुणी नव्हते. ती बाकाशेजारी थांबली, आणि तिने डावा हात वर केला. बोटे अर्धवट मिटलेली, उंच माणसाचा हात धरावा तशी. हात रिकाम्या हवेत धरून ती तशीच उभी राहिली.



आई तिच्याजवळ गेली आणि दचकेल, जीव जाईल हे सगळे विसरून तिला हाक मारली. "धाकटे. ऊठ."

धाकटीने श्वास घेतला. पापण्या दोनदा लवल्या. तिने रस्ता पाहिला, बाक पाहिला, वर धरलेला आपला हात पाहिला आणि तो खाली घेतला.

"इथे?" ती म्हणाली. "मी इथे का आले?"

काका चार पावले मागे सरकले, तरी त्यांना सगळे ऐकू येत होते.

"ते इथूनच गेले," आई म्हणाली. "तीनच्या बसनं. तू त्यांना इथवर सोडायला आलीस, त्यांच्या बोटाला धरून. मी मागून आले. बस गेली तशी तुला उचलून घरी नेलं, झोपवलं. उठलीस तेव्हा तुला काही आठवत नव्हतं. बाबा कुठेत म्हणालीस. मी म्हटलं, तू झोपली होतीस तेव्हा गेले."

"तू झोपली होतीस म्हणालीस."

"हो."

"ते काय म्हणाले होते?"

"मी विचारलं, परत कधी. ते म्हणाले, येणार नाही." आईचा आवाज सपाट होता, इतकी वर्षे तोंडात धरून ठेवलेल्या वाक्याला चव उरत नाही. "तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बसमध्ये चढले."

एक ट्रक धूळ उडवीत गेला.

"त्यांनी मागे पाहिलं?"

"नाही."

धाकटीने मान हलवली. बराच वेळ ती रस्त्याकडे पाहत होती. यावेळी तिचे डोळे रस्त्याला लागले होते, हे काकांना दुरूनही दिसले. मग तिने एक पाऊल उचलून दुसऱ्यावर ठेवले. डांबर तापले होते आणि ते तिला आत्ता कळत होते.

आईने आपल्या चपला काढल्या आणि वाकून तिच्या पायांपुढे ठेवल्या.

"घाल. भाजतील पाय."

"आणि तू?"

"मी भिंतीच्या सावलीनं येईन."

धाकटीने चपला घातल्या. त्या तिला लहान होत होत्या, टाचा बाहेर राहिल्या.